बाळू पालवणकर : डाव्या हाताची हुकमत

भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळात ज्यांच्या गोलंदाजीची कीर्ती इंग्लंडपर्यंत पोचली, ते बाळू पालवणकर यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे एका चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे बालपण पुण्यात गेले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर बाळू व त्यांचे धाकटे बंधू शिवराम हा खेळ शिकले. परंतु अस्पृश्य गणल्या गेलेल्या मुलाला त्या काळी क्रीडांगणावर पाऊल ठेवावयाचे, तर ते मैदानाचा चाकर म्हणूनच. पुण्यातील पारशी संघाच्या मैदानावर खेळपट्टी झाडण्याचे व रोलर फिरविण्याचे काम त्यांना मिळाले. वेतन दरमहा ३ रुपये.

पुढे १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात नोकरीस लागले. तेथे कॅप्टन जे. जी. ग्रेग हे निष्णात फलंदाज सरावासाठी त्यांच्याकडून तासन्‌तास गोलंदाजी करून घेत. आपणांस बाद केल्यास ग्रेग दर वेळी ८ आणे देत, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, या दीर्घ सरावातून बाळू यांच्या डाव्या हाताला असामान्य ताबा लाभला, यात शंका नाही. मोजक्या पावलांची सहज धाव, हव्या त्या ठिकाणी पडणारा टप्पा, दोन्ही बाजूंस वळणारा चेंडू आणि उंची व गती यांतील सूक्ष्म फेरफार ही त्यांच्या गोलंदाजीची लक्षणे होत. मात्र त्या क्लबात त्यांच्या हाती चेंडू दिला गेला. बॅट कधी दिली गेली नाही.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपीयांचा पराभव करावयाचा होता आणि त्यासाठी बाळू आवश्यक होते. त्यांना संघात घ्यावे की नाही, यावर सवर्ण सभासदांत वाद झाला. अखेर त्यांना घेण्यात आले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळला, परंतु चहाच्या वेळी बाळू यांना मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा दिला जाई. त्यांचे जेवणही निराळे असे.

१८९६ साली प्लेगच्या साथीमुळे ते मुंबईस आले. तेथे प्रथम सैन्यात व नंतर रेल्वेत नोकरी करीत ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपीयांना १०९ धावांनी नमविले. या विजयात बाळू यांनी ८ बळी घेतले. १९११ साली पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाच्या पदरी बहुतांशी पराभवच आले. परंतु बाळू यांनी खांदा दुखत असतानाही एकूण ११४ बळी मिळविले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एकाच डावात त्यांनी १०३ धावांत ८ बळी घेतले. लीस्टरशायरवरील विजयात त्यांच्या गोलंदाजीचा वाटा होता.

एवढे कर्तृत्व असूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. दरवर्षी त्यांचे नाव पुढे येई आणि दरवर्षी ते मागे पडे. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी हा मान वस्तुतः बाळू यांचा असल्याचे जाहीरपणे मान्य केले. १९२० च्या चौरंगी सामन्यांत तर बाळू यांना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा शिवराम व विठ्ठल या बंधूंनी खेळण्यास नकार दिला. या निषेधाचा परिणाम झाला. पारशांविरुद्धच्या सामन्यात बाळू उपकर्णधार म्हणून परतले, आणि पै यांनी काही काळ मैदान सोडून संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे येऊ दिले. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले. थोरल्या भावाला नाकारलेला अधिकार धाकट्याला मिळाला.

तरुण भीमराव आंबेडकरांना बाळू यांच्याविषयी अभिमान होता. परंतु पुढे दोघांचे राजकीय मार्ग वेगळे झाले. बाळू यांचा ओढा महात्मा गांधींच्या विचाराकडे होता. १९३२ च्या पुणे करारावर दोघांच्याही सह्या आहेत. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाळू यांना आंबेडकरांविरुद्ध उभे केले आणि सुमारे २,००० मतांनी ते पराभूत झाले.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, तेही सरासरी अवघ्या १५.२१ धावांना एक या प्रमाणात. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ साली झाला, तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते. त्यामुळे कसोटीच्या नोंदींत त्यांचे नाव आढळत नाही. जातीचे नियम मैदानावरही लागू असताना, ज्याची गुणवत्ता धावफलकावर आकड्यांनी सिद्ध होते त्याला दूर ठेवणे समाजाला किती अवघड जाते, हे मात्र त्यांच्या कारकिर्दीने दाखवून दिले.