श्रीमंत माधवराव शिंदे : एक राजीनामा

श्रीमंत माधवराव शिंदे यांचा जन्म १० मार्च १९४५ रोजी मुंबईत झाला. १९८४ मध्ये आपल्या ग्वाल्हेरातून त्यांनी अटलजींचा पराभव केला. पुढे ते नागरी विमान वाहतूक मंत्री झाले. ९ जानेवारी १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सने उझबेकिस्तानकडून भाड्याने घेतलेले विमान दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटले. सारे प्रवासी वाचले. विमान परक्याचे होते, तरी महाराजांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून मंत्रिपद सोडले.

३० सप्टेंबर २००१ रोजी ते कानपूरच्या सभेला निघाले होते. एका उद्योगसमूहाचे ते छोटे 'किंग एअर' विमान मैनपुरीजवळ कोसळले. आठही जण गेले. अंत्यसंस्कार ग्वाल्हेरातच झाले. त्यांचा तो राजीनामा आम्ही ग्वाल्हेरकर आजही मुलांना अभिमानाने सांगतो.