कर्मवीरांचे वसतिगृह

गावात शाळा काढली की शिक्षण पोहोचले, हा समज फार जुना. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे सारे आयुष्य तो खोडून काढण्यात गेले. १८८७ साली कुंभोज येथे जन्मलेले भाऊराव स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते. किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीसाठी ते खेडोपाडी हिंडले आणि हुशार पोराचे पाऊल भाकरी व निवारा यांपाशीच अडते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली. पुढे १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्यास राजर्षी शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, अखेर मंगळसूत्रही दिले. तरीही शिक्षण ही भीक ठरू नये, असा भाऊरावांचा कटाक्ष होता. म्हणून मुले घाम गाळून शिकत. ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यातूनच वाढली. १९५९ साली त्यांचे निधन झाले, तेव्हा संस्थेचा वटवृक्ष झाला होता.

आज सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरकपारींतही शाळा आहेत, हे भूषणावहच. परंतु गाव सोडून पुढे शिकू पाहणाऱ्या गरीब मुलाने राहावे कोठे, जेवावे कोणाकडे, हा भाऊरावांचा प्रश्न आहे. पटावरचे आकडे मोजून तो आपणांस चुकविता येणार नाही.