अर्थशास्त्राचे विद्यार्थी : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

बारावीचा निकाल लागला की आपल्या देवळाली प्रवरा व परिसरातील पालक आम्हा शिक्षकांना हमखास विचारतात : मुलाने वाणिज्य किंवा अर्थशास्त्राच्या पदवीसाठी अर्ज करावा खरा, पण पैसा मध्येच संपला तर? अशा वेळी मला बाबासाहेबांचे विद्यार्थीजीवन आठवते. राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून त्यांना सारे ओळखतात. त्यांचा मूळ विषय अर्थशास्त्र होता, हे थोड्यांच्याच ध्यानी असते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे एका सुभेदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते बी. ए. झाले आणि १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार लिहून द्यावा लागला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १९१५ साली ते एम. ए. झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश घेतला. फी होती दहा पौंड दहा शिलिंग.

वर्षही पुरे झाले नाही तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. परत निघण्यापूर्वी त्यांनी एक काम मात्र आठवणीने केले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. आपली कित्येक मुले फी थकली की शरमेने कॉलेजला तोंडही दाखवीत नाहीत. प्राचार्यांना भेटत नाहीत, अर्ज देत नाहीत, आणि पुढे वय निघून जाते.

१९१७ मध्ये ते मायदेशी आले. त्यांचे सामान ज्या जहाजावर होते ते युद्धात बुडाले. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहायला कोणी जागा देईना. ती नोकरी सुटली. नोव्हेंबर १९१८ मध्ये वाणिज्य शिक्षण देणाऱ्या मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात ते प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम मोठीच, तरी बिऱ्हाड परळच्या चाळीत. रमाबाईंनी काटकसरीने संसार चालवला आणि पैसा शिल्लक पडू लागला. त्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपये कर्ज यांची भर पडली.

जुलै १९२० मध्ये, चार वर्षांची मुदत संपण्याआधी, ते पुन्हा लंडनला निघाले. फी आता अकरा गिनी झाली होती, म्हणजे साडेअकरा पौंडांहून थोडी अधिक. अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवसचे दिवस वाचन केले. १९२१ साली एम. एस्सी. झाले. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी पहिल्या खेपेस स्वीकारला नाही. तोवर पैसे संपत आले होते. मुंबईस परतून त्यांनी तो नव्याने लिहिला व पाठवला. १९२३ अखेर डी. एस्सी. पदवी मिळाली आणि प्रबंध ग्रंथरूपाने निघाला. दोन वर्षांनी भारताच्या चलनाची चौकशी करणाऱ्या शाही आयोगापुढे त्यांची याच विषयावर साक्ष झाली.