मगनवाडीतले हिशेबनीस

सहावीत आपली सहल मगनवाडीला गेली होती, आठवतं? मगन संग्रहालयातले चरखे घाईघाईत बघून आपण डब्यांवर तुटून पडलो होतो. बाईंनी तिथे जे. सी. कुमारप्पांबद्दल सांगितलं होतं. माझं सगळं लक्ष डब्यातल्या साबुदाण्याच्या उसळीत!

कुमारप्पा मला भेटले ते थेट चाळिशीत. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यातली. दरवर्षी अप्रेजलच्या फॉर्मवर आपलीच स्तुती आपणच लिहायची, हे माझं काम. त्याच सुमारास त्यांचं चरित्र हाती लागलं.

जन्म १८९२चा, तंजावरच्या श्रद्धाळू ख्रिस्ती घरातला. मूळ नाव जोसेफ कॉर्नेलियस. लंडनला हिशेबतपासणी शिकले, अमेरिकेत अर्थशास्त्र. मे १९२९ मध्ये रेशमी सूट घालून ते साबरमतीला गांधीजींना भेटायला गेले. सारवलेल्या जमिनीवर सूत कातणारा म्हातारा म्हणजेच गांधीजी, हे कळल्यावर सुटासकट खाली बसले. कुणी खुर्ची आणली, तर ती नको म्हणाले. पुढे खादी आली, आजोबांचं कुमारप्पा हे नाव आलं, आणि १९३४ पासून आपल्या वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम.

नम्र माणूस मवाळ असतो, असं मला वाटायचं. हे गृहस्थ तर चांगलेच तापट! बिहारच्या भूकंपानंतर मदतनिधीचा हिशेब त्यांच्याकडे होता. गांधीजी दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांच्या मंडळींच्या जेवणाचा आणि पेट्रोलचा खर्च निधीतून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. पैसा भूकंपग्रस्तांचा, त्यात गुरूचाही वाटा नाही. मला यातच त्यांची नम्रता दिसते. आपण कुणाचे नोकर, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तुरुंगात त्यांनी दोन पुस्तकं लिहिली. एक येशूच्या शिकवणीवर, दुसरं टिकाऊ अर्थव्यवस्थेवर. दोन्हींना गांधीजींची प्रस्तावना आहे. दुसऱ्यात ते निसर्गातल्या व्यवहारांच्या पायऱ्या मांडतात. बांडगुळासारखं दुसऱ्यावर जगणं सगळ्यात खाली. सगळ्यात वर परतफेडीची अपेक्षा न ठेवता पिलांना भरवणारी आई. देवाचं प्रेम त्यांनी असं अर्थशास्त्राच्या पुस्तकात आणून बसवलं. चर्चमध्ये ऐकलेलं खरं असेल तर ते तेलघाणीपाशी आणि हातकागदाच्या हौदापाशीही खरं असायला हवं, असा त्यांचा हट्ट मला त्यात दिसतो.

नंतर ते आपल्याच जिल्ह्यात सेलडोहला आणि शेवटी तमिळनाडूत कल्लुपट्टीला राहिले. तिथल्या खोलीत गांधीजींच्या चित्राबरोबर एका गरीब खेडुताचंही चित्र होतं. हा माझ्या मालकाचा मालक, असं ते सांगत. ३० जानेवारी १९६० ला, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, ते गेले.

फॉर्म मला याही वर्षी भरावा लागलाच. या वेळी मात्र आमच्या टीममधल्या त्या अबोल मुलीचं काम तिच्या नावावर लिहिलं. गेली दोन वर्षं ते माझ्या रकान्यात जात होतं.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी मगनवाडीला जाऊ या का? उसळ मी आणते.