माणगावचे यशवंत घाडगे



४ जून १९४४ रोजी अमेरिकन सैन्य रोममध्ये शिरले, हे आपण ऐकतो. त्याच इटलीत दोस्तांच्या बाजूने आपले मराठेही लढत होते, हे कुणी फारसे सांगत नाही. माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे त्यांपैकीच. १० जुलैला टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्याने त्यांच्या तुकडीतले सगळे सोबती पडले. ते एकटेच पुढे धावले. हातबॉम्बने गन बंद पाडली. बंदूक पुन्हा भरायला सवड नव्हती. ती उलटी धरून उरलेल्या दोघांशी झुंजले. ठाणे हाती आले, पण लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय अवघे २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणोत्तर. त्यांची कबर नाही. संत बेनेडिक्टांचा जो मठ फेब्रुवारी १९४४ मध्ये अमेरिकन विमानांनी पाडला, त्याच डोंगराखाली, कसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव कोरले आहे.