वेगवान विमानांचे शिल्पकार : आर. जे. मिचेल

दुसऱ्या महायुद्धात गाजलेले ‘स्पिटफायर’ हे लढाऊ विमान जगभर ठाऊक आहे. त्याचा शिल्पकार मात्र हे महायुद्ध सुरू होण्याच्या दोन वर्षे आधीच निवर्तला होता. रेजिनाल्ड जोसेफ मिचेल यांना अवघे ४२ वर्षांचे आयुष्य लाभले. त्यातील उमेदीचा बराचसा काळ त्यांनी शर्यतीची विमाने घडविण्यात वेचला. या विमानांनी कधी प्रवासी नेले नाहीत की टपाल वाहिले नाही. एखाद्या दुपारच्या काही मिनिटांच्या शर्यतीसाठी त्यांचा जन्म होई. परंतु वेग कसा मिळवावा लागतो आणि त्याची किंमत कशी चुकवावी लागते, हे मिचेल यांना शिकविले ते याच विमानांनी.

इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात २० मे १८९५ रोजी मिचेल यांचा जन्म झाला. वडील शिक्षक होते. पुढे ते मुद्रण व्यवसायात शिरले. स्टोक-ऑन-ट्रेंट हा परिसर चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध. विमानाशी त्याचा काही संबंध नव्हता. मात्र राइट बंधूंच्या उड्डाणांच्या बातम्या येऊ लागल्या आणि शाळकरी रेजिनाल्ड घरीच विमानांच्या लहान प्रतिकृती बनवून उडवू लागला. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी केर स्टुअर्ट या रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी पत्करली. दिवसा कारखान्यात तेल-काजळीत काम, रात्री गणित, यंत्रशास्त्र व आरेखनाचे वर्ग आणि उरल्या वेळात घरच्या लेथवर स्वतःचे प्रयोग, अशी त्यांची घडण झाली. रेखाटलेली वस्तू प्रत्यक्ष घडविता आली पाहिजे, ही त्यांची पुढील आयुष्यातील शिस्त याच दिवसांत रुजली.

पहिले महायुद्ध चालू असतानाच ते साउथॅम्प्टनजवळील वुल्स्टन येथील सुपरमरीन कंपनीत रुजू झाले. १९१८ मध्ये फ्लॉरेन्स डेसन या मुख्याध्यापिकेशी त्यांचा विवाह झाला. १९१९ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते कंपनीचे मुख्य डिझायनर बनले. सुपरमरीनचा मुख्य व्यवसाय होता पाण्यावरून उडणाऱ्या विमानांचा. त्यामुळे कंपनीचे लक्ष साहजिकच श्नायडर करंडकाकडे लागले होते. फ्रेंच उद्योगपती जॅक श्नायडर यांनी सुरू केलेली ही स्पर्धा केवळ समुद्रविमानांसाठी होती. पाच वर्षांत तीन वेळा जिंकणाऱ्या देशाकडे करंडक कायमचा राहील, असा नियम होता. १९२० आणि १९२१ मध्ये इटलीने बाजी मारली होती. १९२२ मध्ये नेपल्स येथे इटली तिसऱ्यांदा जिंकती तर स्पर्धाच संपली असती. मिचेल यांनी सुधारलेले ‘सी लायन-२’ हे विमान घेऊन वैमानिक हेन्री बियार्ड यांनी ताशी सुमारे २३४ किलोमीटरच्या वेगाने ती शर्यत जिंकली आणि करंडक इंग्लंडला आणला.

परंतु पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सडपातळ कर्टिस विमानांनी ब्रिटिशांना सहज मागे टाकले. जुन्या बोटीसारख्या सांगाड्यात अधिक ताकदीचे इंजिन बसवून आता भागणार नाही, हे मिचेल यांनी ओळखले. १९२५ मध्ये त्यांनी ‘एस-४’ हे संपूर्ण नवे विमान रेखाटले. त्या काळी विमानाचे पंख तारा आणि टेकूंनी जखडलेले असत. ‘एस-४’च्या पंखांना बाहेरून एकही तार नव्हती. विमान दिसायला देखणे होते आणि वेगवानही. सप्टेंबर १९२५ मध्ये त्याने ताशी सुमारे ३६५ किलोमीटरचा, समुद्रविमानांतील जागतिक विक्रम नोंदविला. मात्र पुढच्याच महिन्यात अमेरिकेतील बाल्टिमोर येथे, स्पर्धेपूर्वीच्या चाचणीत ते पाण्यात कोसळले. बियार्ड सुदैवाने बचावले. अपघाताच्या कारणाचा निर्विवाद उलगडा झाला नाही. वेगामुळे पंखांना कंप सुटला असावा, अशी एक शंका होती.

मिचेल यांच्या कारकिर्दीला खरे वळण मिळाले ते येथे. आपल्या कल्पनेचा अभिमान बाळगण्याऐवजी त्यांनी ती बाजूला ठेवली. पुढच्या ‘एस-५’ विमानाच्या प्रतिकृती वायुबोगद्यात तपासण्यात आल्या. पंख खाली आणले गेले आणि पुन्हा तारांनी बांधले गेले. तारांमुळे हवेचा अडथळा थोडा वाढतो, पण पंख हलका आणि मजबूत होतो, हा हिशेब त्यांनी स्वीकारला. अडथळा कमी करण्याच्या जागा त्यांनी अन्यत्र शोधल्या. धड इतके अरुंद केले की वैमानिक जेमतेम आत मावे. इंजिनाचे पाणी थंड करणारा रेडिएटर बाहेर लटकत न ठेवता पंखांच्या पृष्ठभागातच बसविला. तेल धडाच्या बाजूंवरील नळ्यांमधून फिरत निवत असे. इंजिनाच्या उलट्या पिळामुळे उड्डाणाच्या वेळी एक तराफा पाण्यात दबे. त्यावर तोड म्हणून इंधन दुसऱ्या तराफ्यात भरले गेले. एका अडचणीचे ओझे दुसरीवर उपाय म्हणून वापरण्याची ही दृष्टी मिचेल यांच्या कामात वारंवार दिसते. १९२७ मध्ये व्हेनिस येथे ‘एस-५’ विमानांनी पहिले आणि दुसरे स्थान पटकावले. विजेत्या वेबस्टर यांचा सरासरी वेग होता ताशी ४५३ किलोमीटर.

१९२९ च्या शर्यतीसाठी मिचेल यांनी रोल्स-रॉइसच्या नव्या ‘आर’ इंजिनाची निवड केली. १,९०० अश्वशक्तीच्या या इंजिनाची उष्णता घालविणे हेच मोठे संकट होते. ‘एस-६’चे जवळजवळ सारे अंगच रेडिएटर बनले. वॅगहॉर्न यांनी ताशी ५२९ किलोमीटरच्या सरासरीने शर्यत जिंकली. आता आणखी एक विजय मिळविला की करंडक कायमचा ब्रिटनचा होणार होता. पण मंदीच्या झळा लागलेल्या ब्रिटिश सरकारने १९३१ साठी पैसा देण्यास नकार दिला. लेडी ह्यूस्टन या धनाढ्य विधवेने एक लाख पौंड देऊ केल्यामुळेच संघ उभा राहू शकला. हाती असलेला वेळ इतका कमी होता की नवे विमान रेखाटणे अशक्य होते. म्हणून मिचेल यांनी ‘एस-६’मध्येच सुधारणा करून २,३५० अश्वशक्तीचे ‘एस-६बी’ सिद्ध केले. १३ सप्टेंबर १९३१ रोजी बूथमन यांनी ताशी ५४७ किलोमीटरच्या वेगाने, प्रतिस्पर्ध्यांविना, करंडक कायमचा मिळविला. त्याच महिन्याच्या अखेरीस स्टेनफोर्थ यांनी ताशी ६५५ किलोमीटरची मजल मारली. ताशी चारशे मैलांची मर्यादा विमानाने प्रथमच ओलांडली होती. या यशाला दुःखाची किनारही होती. १९२८ मध्ये विक्रमाच्या प्रयत्नात किंकेड आणि १९३१ मध्ये सरावात ब्रिंटन हे वैमानिक मिचेल यांच्या विमानांत मृत्युमुखी पडले होते.

शर्यतीचे विमान आणि लढाऊ विमान यांत सरळ नाते आहे, असा समज रूढ आहे. वस्तुस्थिती इतकी सोपी नव्हती. हवाई मंत्रालयासाठी मिचेल यांनी रेखाटलेले पहिले लढाऊ विमान, ‘टाइप २२४’, फसले. १९३४ मध्ये उडालेले हे विमान जाड पंखांचे, न दुमडणाऱ्या चाकांचे आणि संथ होते. त्याच्या इंजिनाची वाफेवर आधारित शीतकरण यंत्रणाही सतत त्रास देई. बाजी मारली ती ग्लॉस्टर कंपनीच्या दुपंखी विमानाने. पण अपयशाशी कसे वागायचे हे ‘एस-४’ने शिकविलेले होते. मिचेल यांनी जुने विमान दुरुस्त करत बसण्याचे टाळले आणि कोरा कागद पुढे ओढला.

त्यांच्या शरीराने मात्र दगा दिला होता. ऑगस्ट १९३३ मध्ये त्यांच्यावर आतड्याच्या कर्करोगासाठी मोठी शस्त्रक्रिया झाली. तिच्या कायमच्या खुणा घेऊन वावरणे त्यांना क्लेशदायक होते. रोग उलटण्याची भीतीही होती. तरीही विश्रांतीचा मार्ग त्यांनी स्वीकारला नाही. १९३४ मध्ये ते स्वतः विमान चालवायला शिकले आणि दुसरीकडे नव्या लढाऊ विमानाची रेखाटने पुढे सरकू लागली. स्वभावाने ते संकोची, बोलताना अडखळत. कामात व्यत्यय आणणाऱ्यावर संतापत, परंतु एखादा प्रश्न सोडविताना कनिष्ठातील कनिष्ठ सहकाऱ्याचेही ऐकत. स्पिटफायरचा प्रसिद्ध लंबवर्तुळाकार पंख त्यांच्या बेव्हर्ली शेन्स्टन या सहकाऱ्याच्या अभ्यासाचे फळ होते. पंख पातळ हवा होता, पण त्याच पंखात दुमडलेली चाके आणि आठ मशीनगन मावणेही आवश्यक होते. या आकाराने दोन्ही साधले.

५ मार्च १९३६ रोजी ईस्टली येथून नमुना विमानाने पहिले उड्डाण केले. तीनच महिन्यांत सरकारने ३१० विमानांची मागणी नोंदविली. १९३७ च्या प्रारंभी रोग उलटला. उपचारांसाठी मिचेल व्हिएन्नालाही जाऊन आले, पण उपयोग झाला नाही. ११ जून १९३७ रोजी त्यांचे निधन झाले. कारखान्यातून बाहेर पडलेले पहिले स्पिटफायर त्यांनी पाहिलेच नाही. जोसेफ स्मिथ यांनी पुढची सूत्रे हाती घेतली. मूळ आराखडा इतका भक्कम होता की दुप्पट ताकदीचे इंजिनही त्याने पेलले आणि वीस हजारांहून अधिक विमाने तयार झाली. भारतीय हवाई दलाकडेही स्पिटफायर आले आणि १९४७ मध्ये काश्मीरच्या मोहिमेत ते वापरले गेले.

करंडक जिंकून देणारे ‘एस-६बी’ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जतन करण्यात आले. स्पिटफायरचा पहिला नमुना मात्र ब्रिटनने युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबर १९३९ रोजी, अपघातात नष्ट झाला. तोवर त्याची गरज उरली नव्हती. त्याच्यासारखी विमाने हवाई दलाच्या तुकड्यांत दाखल झाली होती. मिचेल यांना थोडका वेळ मिळाला, पण त्या वेळात त्यांनी चूक मान्य करण्यात एक दिवसही दवडला नाही. युद्धाच्या ऐन कसोटीच्या वेळी ब्रिटनच्या हाती स्पिटफायर होते, याचे श्रेय त्यांच्या प्रतिभेइतकेच या सवयीलाही द्यावे लागते.