‘इमरोज’चे संपादक शहीद शोएबउल्लाह खान

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपल्या हिंगोलीत ध्वजवंदन होते. मराठवाडा मुक्तिसंग्रामातील हुतात्म्यांचे स्मरण केले जाते. अशा वेळी रझाकारांचा विषय निघाला की वर्गातील आपली मुले मान खाली घालून बसतात. त्या मुलांना शोएबउल्लाह खान हे नाव ठाऊक असायलाच हवे. म्हणून हा अल्पसा परिचय.

शोएबउल्लाह खान यांचा जन्म १९२० साली तेलंगणात झाला. वडील रेल्वे पोलिसात नोकरीस होते. उस्मानिया विद्यापीठाची बी.ए. पदवी घेतलेल्या तरुणाला त्या काळी निजाम सरकारात नोकरी मिळणे अवघड नव्हते. परंतु त्यांनी लेखणी पत्करली. प्रथम ते ‘तेज’ या उर्दू पत्रात काम करू लागले. सरकारवर टीका केल्यामुळे ते पत्र बंद पाडण्यात आले. नंतर ते मंदुमुला नरसिंगराव यांच्या ‘रय्यत’मध्ये गेले. त्या पत्रावरही बंदी आली. दोन वेळा हाती आलेला घास हिरावला गेला, तरी त्यांनी वाट बदलली नाही.

१५ नोव्हेंबर १९४७ रोजी त्यांनी स्वतःचे ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक सुरू केले. इमरोज म्हणजे आज. पुढे हैदराबादचे मुख्यमंत्री झालेले बुर्गुल रामकृष्णराव यांच्यासारख्यांचे साह्य त्यांना लाभले.

तो काळ कसा होता, हे लक्षात घ्या. देश स्वतंत्र झाला होता. पण हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले नव्हते. आपले हिंगोली तेव्हा त्याच संस्थानाच्या परभणी जिल्ह्यातील एक तालुका होते. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखाली रझाकारांचा जोर वाढला होता आणि खेडोपाडी रयत भयभीत झाली होती. अशा वेळी राजधानीत बसून शोएबउल्लाह खान लिहीत होते की रझाकारांचे अत्याचार थांबले पाहिजेत, जनतेला जबाबदार राज्यपद्धती मिळाली पाहिजे आणि संस्थान भारतात विलीन झाले पाहिजे. हे सांगणारा मुसलमान होता, उर्दूतून लिहिणारा होता. म्हणूनच त्याचे लिहिणे सत्ताधाऱ्यांना अधिक झोंबले.

ऑगस्ट १९४८ मध्ये सात प्रतिष्ठित मुस्लिम गृहस्थांनी रझाकारांना आवर घालावा व भारतात सामील व्हावे, असे पत्रक काढले. त्यांपैकी फरीद मिर्झा हे आपल्या शेजारच्या नांदेड भागात महसुली अधिकारी होते. हे पत्रक ‘इमरोज’ने छापले. धमक्या येतच होत्या. २१ ऑगस्टच्या रात्री काम आटोपून शोएबउल्लाह खान आपल्या मेहुण्यासह काचीगुडा भागातील घराकडे निघाले असता मारेकऱ्यांनी त्यांना गाठले. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या व हात तोडला. मेहुणाही जबर जखमी झाला. काही तासांतच या तरुण संपादकाची प्राणज्योत मालवली. वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. अवघ्या चार आठवड्यांत, १७ सप्टेंबर १९४८ रोजी, निजामाने शरणागती पत्करली. ज्या दिवसासाठी त्यांनी लेखणी झिजवली, तो दिवस पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

पोलीस कारवाईनंतर मराठवाड्यात अनेक निरपराध मुस्लिम कुटुंबांची वाताहत झाली. सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने त्याची नोंद केली. पण तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. रझाकारांच्या पापाची शिक्षा रझाकार नसलेल्यांनाही भोगावी लागली. शोएबउल्लाह खान यांचे म्हणणे वेळीच ऐकले गेले असते, तर कदाचित दोन्ही बाजूंचे पुष्कळ रक्त वाचले असते.

वाचकहो, अल्पसंख्याकांच्या वृत्तपत्राने सरकारला जाब विचारावा, हे तर खरेच. परंतु आपल्याच समाजातील जुलमी माणसाला जाब विचारणे त्याहून कठीण असते. ते काम या तरुणाने केले. आपल्या मुलांनी १७ सप्टेंबरला मान खाली घालण्याचे कारण नाही. मात्र ताठ मानेने उभे राहताना त्या मानेची किंमत कोणी मोजली, हे त्यांना आपण सांगितले पाहिजे. घरी सांगा, वर्गात सांगा, जमल्यास शाळेच्या वाचनालयात त्यांची तसबीर लावा.

या निर्भय संपादकाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!